लाल वहीची उरलेली पानं

सोमवार, २ मार्च

साहेबांनी सकाळी सकाळी बोलावून चौक माझ्या गळ्यात मारला. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर एक मोठं चित्र, आणि सहा शनिवार संध्याकाळी उघड्यावर फुकट गाणं-वाजवणं. नगरपालिकेला एकाएकी कला आठवली आहे. मी उद्यान विभागातली हेडक्लार्क. झाडांना पाणी मिळतं का ते बघता बघता आता माणसांना सूर मिळतात का तेही मीच बघायचं. "तुमचं काम चोख असतं," म्हणाले. चोख काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम, हा आमच्या ऑफिसातला कुणीही न मोडलेला एकच नियम आहे.

अट अशी, की सहाव्या शनिवारी किमान शंभर प्रेक्षकांच्या सह्या हव्यात, नाव आणि घरक्रमांकासह. त्या झाल्या तर कार्यक्रम पुढे चालू. नाही झाल्या तर चौकाला कुंपण घालून वाहनतळ. वाहनतळाचा नकाशा आत्ताच साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलेला आहे. म्हणजे नापास होणार हे धरूनच परीक्षा.

मला चौकाचं फार प्रेम आहे अशातला भाग नाही. पण समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन्सं एकट्या राहतात. गुडघ्यांमुळे फारशा खाली उतरत नाहीत, दिवसभर गॅलरीत बसून चौकाकडे बघतात. त्यांच्या नाकाखाली दीडशे गाड्यांचा धूर नको, एवढंच मला वाटतं. त्यांना हे बोलून दाखवायची सोय नाही. दोन वर्षं झाली, त्या आमच्याकडे फिरकलेल्या नाहीत. मी त्यांच्या कुकरची शिट्टी हरवली, तेव्हापासून. नवी नेऊन दिली तरी राग गेला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती धरून बसतो.

नवी वही मागवायची तर मागणीपत्रातच महिना जाईल. कपाटात माझी जुनी लाल वही सापडली, अतिक्रमण पाहणीची. दोन वर्षांपूर्वी याच चौकातली दोनशे बारा घरं-दुकानं मी चार दिवसांत उरकली होती, एक सही राहिली नव्हती. वहीची मागची नव्वद पानं कोरी आहेत. वर कागद चिकटवून त्यावर 'चौकातील संगीत : उपस्थिती' असं लिहिलं. शिवाय तिथली माणसं मला चेहऱ्याने ओळखतात, हा एक फायदाच.

शनिवार, ७ मार्च

पहिला कार्यक्रम, अग्निशमन दलाचा बँड. दीडशे खुर्च्या मांडल्या, भोवती दोरी बांधली, आत यायला एकच वाट ठेवली आणि वाटेवर मी टेबल टाकून बसले. एकूण सह्या अकरा. त्यातल्या सहा वाजवणाऱ्यांच्या बायकांच्या.

माणसं येत होती, नाही असं नाही. दोरीपर्यंत येत, मी हसून पेन पुढे करी, की त्यांना काहीतरी काम आठवे. एकाला तर गॅस बंद करायचा राहिला होता. तो नंतर तासभर औषधाच्या दुकानापाशी उभा होता.

बसस्टॉपवरची रांग मात्र हलायलाच तयार नाही. तीन बस आल्या आणि गेल्या, रांग तेवढीच. बसखात्याचा हा कारभार. घरी आल्यावर ह्यांना विचारलं, कारण हे डेपोत टाइमकीपर आहेत. म्हणाले, "बस वेळेवर होत्या. रिकाम्या होत्या, एवढंच."

कोपऱ्यात एक किल्लीवाला भिंतीला छत्री बांधून उन्हात बसतो. स्टेजच्या अगदी शेजारी ती फाटकी छत्री फारच वाईट दिसते. एखादं नीटसं छप्पर का टाकत नाही कोण जाणे.

मंगळवार, १० मार्च

चित्रकारीण शुक्रवारीच आली होती, मला आज भेटली. केस पोरासारखे बारीक कापलेले, बोलणं मोजून मापून. मंजूर चित्रात उगवता सूर्य आणि उडणारे पक्षी आहेत. हिने बांबूच्या पहाडावर चढून चार दिवसांत भिंतभर चौकोन आखून ठेवलेत.

"हे काय?" मी खालून ओरडून विचारलं.

"खिडक्या."

"मंजूर चित्रात खिडक्या नाहीत."

"समोर आहेत ना," ती म्हणाली आणि वळली. आधीच माझं डोकं ठिकाणावर नाही, त्यात ही.

शनिवार, १४ मार्च

व्हायोलिन शिकवणारे एक वयस्कर मास्तर. सह्या सात.

मला एक कळत नाही, शनिवारी संध्याकाळी सहा ही सगळ्या इमारतींची कपडे वाळत घालायची वेळ कशी असू शकते? तीस-चाळीस बायका गॅलऱ्यांत उभ्या. एकेक चादर अर्धा अर्धा तास झटकताहेत. समोर दीडशे खुर्च्या रिकाम्या आणि मास्तर डोळे मिटून खुर्च्यांना वाजवून दाखवताहेत. मला इतकी लाज वाटली, की मी वहीवरचा सुटलेला कागद पुन्हा पुन्हा चिकटवत बसले. गोंदही आता पूर्वीसारखा मिळत नाही.

वन्संच्या गॅलरीत दिवा नव्हता. पण हात दिसला, कठड्यावर ताल धरलेला. मला बघून आत गेला.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तू वाटेवर वही घेऊन बसू नकोस."

"मग सह्या काय झाडावरून पडणार आहेत?"

"मी आपलं म्हटलं," म्हणाले आणि पाणी प्यायले. ह्यांचं नेहमीचं असंच. अर्धं बोलायचं आणि उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं.

बुधवार, १८ मार्च

साहेबांनी आकडे मागवले. अकरा आणि सात ऐकून ते हसले, तेही काचेखालच्या नकाशाकडे बघत. मी पेटले. दुपारी गाडीवर कर्णा लावून सगळ्या गल्ल्यांतून पुकारा करायला लावला. मजकूर मीच लिहिला : "सर्व रहिवाशांनी आपले नाव व घरक्रमांक नोंदवून कार्यक्रमाचा लाभ घ्यावा. अधिकारी जागेवर उपस्थित राहतील." याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं?

शनिवार, २१ मार्च

शाळेतल्या मुलांचं समूहगान. सह्या चार.

आज तर खिडक्याही बंद. दुकानांची शटरं अर्धी खाली. किल्लीवाला पाच वाजताच पेटी आवरून निघून गेला. बसस्टॉपवर कुत्रंदेखील नव्हतं. कर्णा लावून उलटंच झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलांच्या बाईंनी मला विचारलं, "इथे कुणी राहत नाही का?" मी म्हटलं, दोनशे बारा घरं-दुकानं आहेत, मी स्वतः मोजली आहेत.

घरी येऊन रडले. हे स्पष्टच लिहिते, कारण ही रोजनिशी कुणाला सादर करायची नाही. मला चौकाचं काही पडलेलं नाही असं मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ते खोटं होतं. मला तो गमवायचा नाही. पण माणसांसाठी धडपडायचं आणि माणसांनीच तोंड फिरवायचं, हे सहन होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवार, २५ मार्च

चित्रकारणीशी भांडले. खिडक्यांत आता माणसं काढली आहेत. चादर धरलेल्या बायका, एका हातात दाढीचा ब्रश घेतलेला म्हातारा, बसस्टॉपवरची रांग. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. आणि किल्लीवाल्याच्या डोक्यावर हिरवंगार छप्पर.

"त्याच्याकडे छत्री आहे," मी म्हटलं.

"तो म्हणाला, छप्पर काढ."

"उद्या म्हणेल राजवाडा काढ. नाही त्या गोष्टी सरकारी भिंतीवर काढायच्या नाहीत."

"तो म्हणाला, होतं," ती म्हणाली. मला वाद घालत बसायला वेळ नव्हता.

शनिवार, २८ मार्च

अकॉर्डिअनवाला. सह्या नऊ, पण त्यातली एक मी ह्यांना करायला लावली. खिडक्या पुन्हा हळूहळू उघडल्या. माणसं पुन्हा बसस्टॉपवर, औषधाच्या दुकानापाशी, जिन्यांच्या तोंडाशी उभी. खुर्च्यांवर मात्र कुणी नाही. माझ्या खुर्च्यांना काय काटे आहेत?

शनिवार, ४ एप्रिल

आजचं आजच लिहून टाकते.

पाचवा कार्यक्रम संपला. पुन्हा तेच, सह्या सहा. खुर्च्या मोजून परत पाठवल्या आणि वर बघितलं. पहाड उतरवलेला होता, त्यामुळे भिंत पहिल्यांदाच पुरती दिसली. खाली उजव्या कोपऱ्यात एक बाई टेबल टाकून बसलेली आहे. अंबाडा माझा, पिशवी माझी. भिंतीवरची शंभर-दीडशे माणसं वाजवणाऱ्याकडे बघताहेत आणि ही एकटी त्याच्याकडे पाठ करून त्या माणसांकडे बघते आहे. समोर लाल वही. वहीवरचा कागद अर्धा सुटलाय आणि त्याखालचं वाचता येतं : 'अतिक्रमण पाहणी'.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत," मी चित्रकारणीला म्हटलं.

"दिसलं तसं काढलं. पाचही शनिवार तसंच दिसत होतं." मग म्हणाली, "तुम्ही वाजवणाऱ्यांची तोंडं बघितलीत का एकदा तरी?"

बघितली नव्हती. पाच कार्यक्रम मी पाठीने ऐकले.

किल्लीवाला पेटी आवरत होता. मी सरळ जाऊन विचारलं, तुम्ही कुणी सही का करत नाही.

तो उभा राहिला नाही. बसूनच म्हणाला, "बाई, मागच्या वेळीही तुम्ही अशाच हसून पेन पुढे केलं होतं. म्हणालात, नुसती माहिती आहे. माझं छप्पर तुम्ही टेपने मोजलंत, मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. सव्वा महिन्याने ट्रक आला."

"ट्रक मी पाठवला नव्हता. तो विभाग वेगळा."

"असेल. आम्हाला वही तेवढी दिसली."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही परत आलाच नाहीत ना बघायला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं.

रविवार, ५ एप्रिल

दुपारभर वहीचा पुढचा भाग वाचला. माझंच अक्षर, सुवाच्य. क्रमांक एकेचाळीस, किल्लीवाला : 'छप्पर, सहा बाय चार, विनापरवाना'. औषधाचं दुकान : पायरी दीड फूट पुढे. चादरवाल्या बायका, दाढीच्या ब्रशवाला म्हातारा, सगळे आहेत. कुणाचा पत्रा, कुणाचा नळ, कुणाची जिन्याखालची खोली. प्रत्येकापुढे सही आणि माझी बरोबरची खूण.

क्रमांक सतरा वन्सं. 'गॅलरी काचबंद केलेली'. सही त्यांची, नेहमीसारखी डौलदार. मी चहा पिऊन सही घेऊन आले असणार. आठवतसुद्धा नाही.

ह्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी न वाचताच चष्मा काढला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या महिन्यात एका रविवारी मी जादा ड्यूटीला म्हणून गेलो होतो, आठवतं? ताईकडे गेलो होतो, काचा उतरवायला. नाहीतर ट्रकवाल्यांनी फोडल्या असत्या."

"मला का सांगितलं नाहीत?"

"तू फार खुशीत होतीस गं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती तुला."

"आणि कुकरची शिट्टी?"

"ती ताईला दुसऱ्याच दिवशी ओट्यामागे सापडली होती."

मला ह्यांचाही भयंकर राग आला आहे. दोन वर्षं मी नणंदेला शिट्टीवरून क्षुद्र ठरवत होते आणि हा माणूस शेजारी बसून पाणी पीत होता. पण राग कितीही फिरवला तरी शेवटी माझ्याच दाराशी येऊन उभा राहतो.

मंगळवार, ७ एप्रिल

तीन मजले चढून वन्संकडे गेले. दार उघडून म्हणाल्या, "काय मोजायचं राहिलं?"

मी जे बोलायचं ठरवून गेले होते ते विसरले. म्हटलं, "वन्सं, चुकलं माझं."

त्यांनी आत घेतलं, बसा म्हणाल्या नाहीत. गॅलरी सताड उघडी, कठड्यावर धुळीचा थर. मी तिकडे बघते आहे हे बघून म्हणाल्या, "पावसाळ्यात पाणी पार पलंगापर्यंत येतं. पण शनिवारचं वाजवलेलं अगदी खणखणीत ऐकू येतं. काचा गेल्याचा तेवढाच फायदा." मग म्हणाल्या, "ते व्हायोलिनवाले पुन्हा येणार आहेत का?"

मी म्हटलं, बोलावते.

चहा मिळाला नाही. मागायचा हक्कही नव्हता.

शनिवार, ११ एप्रिल

आज दोरी बांधली नाही. टेबल टाकलं नाही. लाल वही ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवली. सह्या नसतील तर चौक जाईल, हे मला दिवसभर कळत होतं. पण त्याच वहीच्या मागच्या पानांवर त्याच माणसांना पुन्हा ओढायला माझा हात धजेना. नवी वही आणली असती तरी चेहरा तोच होता.

साडेपाचला मी पहिल्या रांगेत खुर्चीवर जाऊन बसले, स्टेजकडे तोंड करून. मागे एकशे एकोणपन्नास खुर्च्या रिकाम्या. मास्तरांनी व्हायोलिन लावायला घेतलं. कानाशी नेऊन खुंटी पिळताना ते ओठ कसे दुमडतात हे मला आज दिसलं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिला आवाज आला तो फरशीवर काहीतरी फरफटत आणल्याचा. न राहवून वळले. हे स्टूल घेऊन येत होते आणि त्यांच्या खांद्याला धरून, एकेक पाऊल टाकत, वन्सं. तीन मजले उतरून. दीडशे खुर्च्या समोर असताना घरचं स्टूल. "नगरपालिकेच्या खुर्चीवर मी बसायची नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि माझ्या शेजारी, हातभर अंतर ठेवून बसल्या.

मग औषधाच्या दुकानातून बाकडं आलं. जिन्यांतून पाट, मुढे, एक मोडकी आरामखुर्ची. किल्लीवाल्याने आपली पेटीच उलटी केली. कुणी आमच्या खुर्च्यांवरही बसलं, पण आधी पाठीवरचं नगरपालिकेचं नाव वाचून, जरा विचार करून. मास्तर वाजवत होते आणि चादर झटकणारं कुणी नव्हतं. मला संगीतातलं कळत नाही. पण मधेच एका जागी वन्संनी डोळे मिटले आणि मला एकदम रडू आलं.

शेवटच्या दहा मिनिटांत साहेब आले. सगळीकडे बघितलं, मग माझ्याकडे वाकले. "वही?"

"नाही आणली."

"मग शून्य."

"साहेब, समोर बसलेत ना सगळे."

"मी बघितलेलं फाइलला चालत नाही, बाई. तुम्हाला काय सांगायचं?" आणि गेले. बरोबरच होतं त्यांचं. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर किल्लीवाला आला. "वही कुठाय?"

"नाही. आता नाही."

"मग लिहायचं कशावर?" त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं होतं. माझ्याकडे कार्यक्रमाची उरलेली पत्रकं होती, मागची बाजू कोरी. त्याने पेटीवर ठेवून लिहिलं : 'किल्लीवाला. छत्रीखाली.' सही केली नाही, घरक्रमांक लिहिला नाही. पेन पुढच्याकडे दिलं. 'औषधवाली.' 'चादरवाली, दुसरा मजला.' 'दाढी अर्धी राहिलेला.' वन्संनी लिहिलं : 'तिसरा मजला, बिनकाचांची गॅलरी.'

घरी येऊन मोजले. एकशे त्रेसष्ट. एकाही माणसाचं नाव नाही.

सोमवार, १३ एप्रिल

पत्रकं टाचून फाइलला लावली. खाली ऑफिसच्या भाषेत लिहिलं : 'वरील सर्व १६३ व्यक्तींना मी व्यक्तिशः ओळखते. त्या माझ्यासमक्ष उपस्थित होत्या.' सही, हुद्दा, शिक्का.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे काय? 'दाढी अर्धी राहिलेला' हे काय नाव झालं? ओळखता ना? मग नावं सांगा, मी लिहून घेतो."

मला नावं पाठ होती. गेले आठ दिवस तेच वाचत होते.

"ओळखते साहेब. सांगणार नाही."

"खोटं प्रमाणपत्र म्हणून चौकशी लागेल."

"लागू दे. माझं नाव आहे ना खाली."

"नोकरी किती राहिली?"

"चार वर्षं."

 साहेबांनी पेन उचलून फाइलवर शेरा मारला, 'चर्चा करावी', आणि फाइल टेबलावर टाकली, नेमकी नकाशाच्या काचेवर. आमच्याकडे चर्चा करावी म्हणजे दीड वर्ष तरी कुणी हात लावत नाही. माझ्यावर उपकार केले की डोक्याची कटकट टाळली, मला कळलं नाही. विचारायला थांबले नाही. पुढच्या सहा शनिवारांचं पत्र आजच टाइप करून टाकलं.

गुरुवार, १६ एप्रिल

किल्लीवाल्याचं छप्पर नगरपालिकेच्या गोदामात सापडलं, दोन वर्षांचा गंज खाऊन. सोडवायचं तर ते त्याचंच असल्याचा पुरावा हवा म्हणे. पुरावा लाल वहीत आहे, सहा बाय चार, माझ्या अक्षरात. परवाना मिळेपर्यंत मला किती टेबलं झिजवावी लागतील देव जाणे. आज तीन झिजवून आले, तिघांनी चौथ्याकडे पाठवलं, चौथा रजेवर.

वन्संच्या काचांचं मात्र काहीच करता येत नाही. त्यांच्या उतरवून ठेवलेल्या चौकटी भंगारात गेल्या.

भिंतीवरचं काम संपलं. चित्रकारणीला म्हटलं, निदान माझ्या हातातली वही तरी पुसा. ती म्हणाली, "तिथे लाल हवाच." म्हणजे आता भिंत उभी आहे तोवर मी तिथे बसणार, सगळ्या चौकाच्या देखत, वाजवणाऱ्याकडे पाठ करून.

संध्याकाळी वन्संकडे गेले. आज बसा म्हणाल्या. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "रोज सकाळी गॅलरीत आलं की पहिली तुझी पाठ दिसते मला."

मी म्हटलं, "रंग वाळलाय वन्सं. आता बदलत नाही."

 त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला.

"शनिवारी माझं स्टूल तू उचल," त्या म्हणाल्या. "तो पायऱ्यांवर आपटत नेतो."